पासष्ट इंचांची इज्जत

हदगावात हल्ली नवं घर बांधायला काढलं की नकाशात देवघराच्या शेजारी एक खोली जास्तीची निघते. कशाची म्हणून विचारलं तर मालक सांगतो, "ते होम थेटर हाय." खोलीला तीन खिडक्या. एक वास्तूवाल्याने सांगितलेली, एक हवेसाठी आणि तिसरी शेजाऱ्याने काढली म्हणून. छताला पीओपी, पीओपीच्या खाचेत निळी लाईट, खाली तोंड पाहून भांग पाडता येईल अशी चकचकीत फरशी, भिंती पांढऱ्याशुभ्र, समोर काचेचं शोकेस आणि त्यात पोरांनी शाळेत मिळवलेले कप. उजेडाला आत यायला, आल्यावर नाचायला आणि नाचून दमला की पडद्यावर टेकायला जेवढ्या सोयी करता येतात तेवढ्या करून झाल्या, की मालक गाडी काढतो आणि पडदा निवडायला नांदेडला निघतो.

निवडायला म्हणजे मोजायला. गल्लीत त्रेचाळीस इंची आहे, म्हणून पंचावन्न. साडूने पंचावन्न घेतला, म्हणून पासष्ट. २०२३ साली हळदीने जो भाव दाखवला, त्यानंतर पासष्टही काही घरांत गरिबीचं लक्षण ठरलं. काय बघणार, कुठून बघणार, कोण बघणार, हे दुकानात कुणी विचारत नाही, कारण दुकानदाराला टीव्ही विकायचा असतो. घरीही कुणी विचारत नाही, कारण घरच्यांना तो दाखवायचा असतो. सरकारनेही या चढाओढीला हातभार लावला. २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. वाचलेले दहा टक्के कुणी बँकेत टाकल्याचं ऐकिवात नाही. लोकांनी दहा इंच वाढवले.

माझं म्हणणं एवढंच आहे की पडद्याच्या आधी अंधार घ्यावा. हदगावात त्याच्याइतका स्वस्त माल दुसरा नाही. लाईटवाले तर तो अधूनमधून फुकटही देतात, फक्त नेमका तेव्हा टीव्हीही बंद असतो.

आधी दुकानात जाऊ. शिरल्याबरोबर समोर भिंतभर टीव्ही आणि सगळ्यांवर एकच मोर. मोर गेला की मध ओघळतो, मग पोपट, मग कुठल्याशा थंड देशातलं हिरवं कुरण. हे चित्रण टीव्ही खपावा म्हणूनच केलेलं असतं. सेटही 'स्टोअर मोड'वर टाकलेला, म्हणजे उजेड शेवटच्या टोकाला आणि रंग उतू जाणारे, कारण दुकानातल्या ट्यूबलाइटच्या गर्दीत एरवी कोणाचंच चित्र नजरेत भरत नाही. आता गंमत पुढे आहे. नवा टीव्ही पहिल्यांदा सुरू होताना विचारतो, घर का दुकान? बसवायला आलेल्या पोराला पुढच्या घरी जायची घाई असते. तो हाताला येईल ते बटण दाबतो. हदगावातले कित्येक टीव्ही घरात येऊन भिंतीला लागले, पूजा झाली, पेढे वाटले, तरी अजून दुकानातच आहेत. त्यांच्यावर हिरॉईन नारिंगी दिसते आणि सोयाबीनचं शेत प्लॅस्टिकचं. मालक म्हणतो, "कलर बघा कसा हाय!"

त्याच सेटिंगात आणखी एक कळ दडलेली असते. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते, पण धंदा एकच. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांनी बनतो. टीव्ही त्या चित्रांच्या मधे आपल्या मनाची चित्रं घालतो आणि हालचाल गुळगुळीत करतो. क्रिकेटला हे चालतं. सिनेमाला लावलं की शेकडो कोटींचा चित्रपट संध्याकाळच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझने दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॅरीला शेजारी उभं करून मुद्दाम व्हिडिओ काढला आणि लोकांना विनवलं, घरच्या टीव्हीतली ही कळ बंद करा. हा माणूस उडत्या विमानाला लटकतो, जगातल्या सगळ्यात उंच इमारतीवर चढतो. त्यालाही हात टेकावे लागले ते या एका कळीपुढे.

दुकानात काळं कधीच दाखवत नाहीत, हे लक्षात आलंय का? मोर दाखवतील, अमावस्या नाही. कारण टीव्हीची खरी परीक्षा काळ्यात असते. साधा एलईडी टीव्ही म्हणजे पुढे एलसीडीची काच आणि तिच्या मागे दिवे. काळं दाखवायचं असलं तरी मागचे दिवे जळतच असतात, काच फक्त ते अडवते, आणि थोडा उजेड पाझरतोच. म्हणून रात्रीचा प्रसंग काळा न दिसता राखाडी दिसतो. क्यूएलईडी हाही त्यातलाच, रंग जास्त निर्मळ, पण मागचा दिवा आहेच. मिनी एलईडीत मागचे दिवे बारीक आणि पुष्कळ, त्यांचे गट पाडून हवे तिथले विझवता येतात, म्हणून काळं बरंच सुधारतं. ओएलईडीत मागे दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः जळतो, स्वतः विझतो. विझला की काळं ते काळंच. अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघणाऱ्याने डोळे झाकून ओएलईडी घ्यावा, असं मी म्हणालो असतो. पण आमच्याकडे टीव्हीवर सिनेमा किती वेळ असतो आणि बातम्या किती वेळ? ओएलईडीवर एकच चित्र तासन् तास, महिनोन् महिने एका जागी राहिलं, तर त्याचा डाग कायमचा पडू शकतो. मराठी वृत्तवाहिनीची खालची लाल पट्टी सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत हलत नाही. वरच्या कोपऱ्यातला लोगोही नाही. दीड-दोन लाखांचा टीव्ही घेऊन त्यावर 'ब्रेकिंग न्यूज' गोंदवून घ्यायचं असेल, तर तो ज्याचा त्याचा प्रश्न.

दुकानात जाताना पेन ड्राइव्हमध्ये स्वतःचा सिनेमा घेऊन जा. 'तुंबाड' (२०१८) न्या. पाऊस, वाडा, कंदील आणि तळघर. जो टीव्ही त्या तळघरात काय चाललंय ते दाखवतो आणि तरी तळघर काळंच ठेवतो, तो टीव्ही चांगला. पेन ड्राइव्ह काढला की दुकानदाराचा चेहरा बघून घ्या, ते चित्र कुठल्याही मोडमध्ये स्पष्ट दिसतं.

आता अंतर. आमच्या एका दाजींच्या खोलीत पंच्याहत्तर इंची लागला त्या दिवशीचं बोलणं असं झालं.

"दाजी, बसणार कुठं?"

"सोफ्यावर."

"अन् सोफा?"

"भिंतीला. कामून, मधात ठेवू का? लोकं म्हन्तील टेम्पोतून सामान उतरवलं अन् लावायचं राहिलं."

खोली सोळा फुटांची. टीव्ही एका भिंतीला, सोफा दुसऱ्या भिंतीला, मधे गालिचा आणि त्यावर कुणी बसायचं नाही, कारण तो नवा आहे. सोफा भिंतीला टेकलाच पाहिजे, हा आमच्याकडचा अलिखित कायदा. त्याने जेवढी चित्रं वाया घालवली तेवढी कुठल्या कंपनीने घालवली नसतील. जाणकारांचा हिशेब सोपा आहे. पडद्याचा कर्ण किती इंच, त्याच्या सव्वापट ते दीडपट, फार तर त्याहून किंचित जास्त अंतरावर बसावं. पासष्ट इंचीला पावणेसात ते पावणेनऊ फूट. त्याच्या पलीकडे बसलात तर दुसरीच गोष्ट होते. पासष्ट इंचीवरच्या साध्या फुल एचडीचे ठिपके साडेआठ फुटांच्या पुढून निरोगी डोळ्याला वेगळे दिसत नाहीत. मग त्याच अंतरावरून फोर-के चे त्र्याऐंशी लाख ठिपके काय दिसणार? चौदा फुटांवर बसून फोर-के बघणारा माणूस एकवीस लाख ठिपके बघतो आणि त्र्याऐंशी लाखांचे पैसे भरतो. सोफा सहा फूट पुढे ओढायला मात्र पैसे पडत नाहीत. म्हणूनच बहुधा कुणी ओढत नाही.

बाजूला बसणाऱ्यांचीही एक अडचण असते. बैठक एल आकाराची, घरधनी समोर, पाव्हणे आणि जावई आडव्या बाजूला. एलसीडीच्या काही पॅनलांत काळं चांगलं असतं, पण कडेने बघितलं की रंग फिके पडतात. काहींत कडेनेही रंग टिकतात, पण काळं बेताचं. आपल्याकडे कोण कुठे बसतं हे ठरवून पॅनल घ्यायला हवं. दुकानात मधोमध उभं राहून बघू नका, जावयाच्या जागेवर उभं राहून बघा.

आणि त्या काळ्या पट्ट्या. टीव्ही घेतल्यावर आठ दिवसांत दुकानदाराला फोन जातो: "वर-खाली काळ्या पट्ट्या येऊ लागल्या, पीस बदलून द्या." पट्ट्या टीव्हीच्या नसतात, सिनेमाच्या असतात. सिनेमास्कोप रुंद असतो आणि टीव्ही सोळाला नऊ, त्यामुळे असा सिनेमा लागला की पडद्याचा चौथा हिस्सा रिकामा राहतो. हे काही काल निघालेलं नाही. 'कागज के फूल' हा आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट १९५९ सालचा आहे. पण पैसे पासष्ट इंचांचे दिले, मग चौथाई मोकळी सोडायची म्हणजे काय? लोक 'झूम' करतात. पट्ट्या जातात, त्यांच्याबरोबर कडेला उभा असलेला खलनायकही जातो. २८ मार्च २०२० ला, लॉकडाऊनमध्ये, दूरदर्शनने रामानंद सागरांचं 'रामायण' परत दाखवलं, तेव्हा उलटी तऱ्हा झाली. ते चित्रण जुन्या चौकोनी मापाचं. ते ताणून भिंतभर केलं की अख्खी अयोध्या एक तृतीयांशाने रुंद होते. वनवासात चौदा वर्षं कंदमुळं खाऊन कुणाचं वजन असं वाढल्याचं वाल्मीकींनी लिहिलेलं नाही.

पुष्कळांना टीव्ही आता पुरत नाही. त्यांना प्रोजेक्टर पाहिजे. शंभर इंची पडदा म्हणजे सव्वासात फूट रुंद आणि चार फूट उंच, तो टीव्हीत घ्यायला गेलं तर एकराचा विचार करावा लागतो, प्रोजेक्टरात मात्र परवडतो असं वाटतं. इथे फसवणुकीला ऊत आलाय. मोबाइलवर जाहिरात येते: वीस हजार लुमेन, फोर-के सपोर्टेड, किंमत एका बैलाच्या वेसणीएवढी. लुमेन म्हणजे प्रोजेक्टर किती उजेड फेकतो त्याचं माप. खरं माप अन्सी किंवा आयएसओ लिहून देतात. नुसता 'लुमेन' लिहिला असेल तर तो आकडा कंपनीच्या मनाचा. आणि 'फोर-के सपोर्टेड' हे तर आपल्याकडच्या 'पक्षपुरस्कृत अपक्ष' उमेदवारासारखं आहे. चिन्ह नाही, तिकीट नाही, पण फोटो साहेबांसोबत. यंत्र फोर-के चं चित्र आत घेतं आणि बाहेर आपल्या ऐपतीप्रमाणे सात-साडेसातशे ओळींतच दाखवतं. पेटीवर 'नेटिव्ह' रिझोल्युशन किती ते वाचा. लहान अक्षरात असतं, कारण ते खरं असतं.

वीस हजार लुमेन लागतातच कशाला, हा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. सिनेमागृहात पडद्यावर जो पांढरा दिसतो, तेवढा पांढरा शंभर इंची पडद्यावर आणायला पूर्ण अंधारात चारशे-साडेचारशे खरे लुमेन पुरतात. दिवा जुना होणार, रंगांचं सेटिंग उजेड खाणार, म्हणून हजार धरा. बाकीचे एकोणीस हजार तुम्ही खिडकीशी भांडायला विकत घेता. आणि खिडकीच जिंकते. कारण प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही. तो फक्त उजेड फेकतो. पडद्यावर काळं म्हणजे जिथे त्याने काही फेकलं नाही ती जागा, आणि ती जागा खोलीत जेवढा उजेड असेल तेवढी पांढरी दिसणार. पांढऱ्या पडद्यावर दीडशे लक्स उजेड पडला, की प्रोजेक्टर बंद असतानाच तो पडदा थिएटरातल्या पांढऱ्याइतका उजळतो. एवढा उजेड बऱ्या ट्यूबलाइटींनी पडू शकतो. दुपारच्या उघड्या खिडकीचं तर विचारूच नका. म्हणजे तुमच्या घरातलं 'तुंबाड'चं तळघर मल्टिप्लेक्समधल्या दिवसाएवढं लखलखीत.

आमच्याकडच्या शाळांनी हा प्रयोग सगळ्यांच्या आधी करून ठेवलाय. २२ जून २०१५ चा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला, त्याच्या मागेपुढे जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल व्हायची लाट आली. लोकवर्गणी झाली, गावाने गावाबाहेर गेलेल्या नोकरदारांकडून पैसे मागवले, प्रोजेक्टर आले. वर्गाला चार खिडक्या, दोन दारं, बाहेर मराठवाड्याचं ऊन. वर्गणीची यादी वाचा, त्यात प्रोजेक्टर आहे, स्पीकर आहे, उद्घाटनाचे हार आहेत. खिडक्यांचे पडदे सहसा नसतात. भिंतीवर हृदयाचे चार कप्पे दाखवायचे आणि पोरांना त्यांतले दोनच दिसायचे. पुढे बऱ्याच शाळांनी निमूटपणे टीव्ही घेतले, आणि त्यांचं चुकलं नाही. दिवसा, उजेडात, चाळीस पोरांसमोर टीव्हीच बरा. ज्याला खिडकी झाकायची नाही त्याने प्रोजेक्टरच्या नादी लागू नये, एवढं त्या वर्गांनी शिकवलं. गावाने मात्र ते अभ्यासक्रमाबाहेरचं धरलं.

आपल्या आजोबांना हे माहीत होतं. तंबूतला सिनेमा सूर्य बुडाल्याशिवाय सुरू व्हायचाच नाही. माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्षातल्या थंडीत भरते, रात्र मोठी आणि काळीकुट्ट. ट्रकवर प्रोजेक्टर, कनातीच्या भिंती, आणि समोर एक साधा पांढरा कपडा. उघड्यावर खेळ असला तर निम्मी जनता पडद्याच्या पाठीमागे बसायची. त्यांना नायक डावखुरा दिसायचा आणि पाट्यांची अक्षरं उलटी, पण तक्रार करायला त्यांना वाचता कुठे येत होतं! महाराष्ट्रातल्या या तंबूवाल्यांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात गाजला. यंत्र गंजलेलं, रीळ तुटणारं, पडद्याला ठिगळं. एकच गोष्ट अव्वल होती, ती रात्र. आजोबांनी काही आणे देऊन जे काळं बघितलं ते नातवाला दीड लाख मोजून मिळत नाही, कारण नातवाने पीओपीत निळी लाईट लावलीय.

निळी लाईट विझवायचीच नाही, असा ज्याचा हट्ट आहे त्याच्यासाठीही बाजारात माल आहे. जवळून फेकणारा लेझर प्रोजेक्टर, जो भिंतीला लागून टेबलावर बसतो, आणि त्याच्यासोबतचा एएलआर पडदा. त्या पडद्यावर नजरेला न दिसणारे बारीक दातेरी कंगोरे असतात. खालून येणारा प्रोजेक्टरचा उजेड ते समोर पाठवतात, वरून येणारा छताचा उजेड गिळतात. जादू नव्हे, पण काम करतो. मात्र हा पडदा आणि लांबून फेकणारा साधा प्रोजेक्टर अशी जोडी जमवली की उलटं होतं, पडदा प्रोजेक्टरचाच उजेड गिळायला लागतो. पडदा एका दुकानातून आणि प्रोजेक्टर दुसऱ्या दुकानातून स्वस्तात उचलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. राखाडी पडदा काळं सुधारतो, पण पांढऱ्यालाही थोडं मळकट करतो. जास्त 'गेन'चा, म्हणजे समोरून जास्त उजळ दिसणारा, पडदा उजेड वाढवत नाही, कडेच्यांचा काढून मधल्याला देतो. आपल्याला ही वाटणी नवी नाही. आणि ज्यांना काहीच परवडत नाही ते वाढदिवसाच्या फ्लेक्सची पांढरी पाठ ताणून बांधतात आणि तिच्यावर मॅच लावतात. मला विचाराल तर फ्लेक्सचा यापेक्षा चांगला उपयोग मी पाहिलेला नाही. भावी आमदारांचं तोंड भिंतीकडे असतं.

लग्नातल्या एलईडी वॉलबद्दल दोन शब्द, कारण ती बघून आल्यावरच बहुतेकांना घरी मोठ्या पडद्याची हौस येते. मंडपात नवरानवरी दहा हातांवर बसलेली असतात आणि सगळं वऱ्हाड त्यांच्याकडे पाठ करून वॉलवर त्यांना बघत असतं. बारा बाय आठ फुटांची ही वॉल साधारण चार मिलिमीटरला एक ठिपका, अशी असते. हिशेब करा: सगळे मिळून साडेपाच लाख ठिपके. तुमच्या खिशातल्या साध्या फुल एचडी मोबाइलच्या पडद्यावर वीस लाखांच्या वर असतात. म्हणजे जो पडदा सगळ्यात मोठा आणि महाग, त्यात चित्र सगळ्यात कमी. अक्षता पडल्या की कॅमेरा जेवणाच्या पंगतीकडे वळतो आणि बारा फुटांवर एकाच माणसाचा जबडा चालताना दिसतो. तरी लोक बघतात. मोठं दिसलं की पुरे, हा स्वभाव आहे, तो कुठल्याही रिमोटने बदलत नाही.

तर खोलीत अंधार कसा आणायचा? खिडक्यांना जाड गडद पडदे, छत आणि पडद्याच्या आसपासच्या भिंती गडद रंगाच्या, चकचकीत फरशीवर सतरंजी, शोकेस बाहेर. बस. सगळ्यात कठीण आहे तो रंग. भिंतीला गडद करडा नाही तर काळपट तांबडा द्या म्हणून दाजींना सांगितलं, तर आत चहा गाळणाऱ्या आत्याबाईंच्या हातातली गाळणी थांबली. "घरात काळं? सुतक हाय का कोणाचं?" वास्तूवाल्याला फोन झाला. त्याने पिस्ता रंग सांगितला. आता पिस्ता रंगाच्या भिंतीवरून परावर्तन होऊन सगळे नायक थोडे पोट बिघडल्यासारखे दिसतात. अहो, संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसायला चालते, हळदीकुंकवाला तीच मिरवायला चालते, मग एका खोलीवर एवढी एक संक्रांत आली तर काय बिघडतं?

हदगावच्या हवेचंही बघावं लागतं, ते कंपनीच्या पुस्तिकेत नसतं. फेब्रुवारी ते एप्रिल हळद शिजते, वाळते, पॉलिश होते आणि पिवळी धूळ गावभर फिरते. प्रोजेक्टर पंख्याने हवा आत ओढतो. त्या दिवसांत त्याची जाळी आठवड्याला उघडून बघा, फोडणीपुरती हळद निघेल. दिव्याचा प्रोजेक्टर असेल आणि मधेच लाईट गेली, तर पंखा थांबतो पण दिवा तापलेलाच राहतो, आणि त्याचं आयुष्य तिथेच कमी होतं. त्या दिव्याचं आयुष्य तसंही तीन ते पाच हजार तासांचं. लेझरचा वीस हजारांच्या आसपास चालतो, आणि लाईट गेल्याने त्याला तेवढा घोर लागत नाही. म्हणून दिव्याचा प्रोजेक्टर यूपीएसवर जोडा. विहिरीवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज जे नाचतं, ते टीव्हीलाही मानवत नाही, म्हणून स्टॅबिलायझरचे पैसे टीव्हीच्या इंचांतून कापून बाजूला ठेवा.

एकेकाळी टीव्ही आपल्या मराठवाड्यातच बनायचे. औरंगाबादहून पैठणला जाताना चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना, तिथून निघालेला डबा आमच्या ओसरीवर झाकण घालून, वर क्रोशाचा रुमाल टाकून बसायचा. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या दारात गेली. त्या डब्याचा पडदा वीस-एकवीस इंचांचा होता आणि अख्खी आळी त्याच्यासमोर जवळ सरकून जमिनीवर बसायची. अंतराचा हिशेब तेव्हा कुणाला माहीत नव्हता आणि बसायचे मात्र बरोबर जागी. सोफा नव्हता ना!

आता माझा निकाल ऐका. खिडकी बंद होणार नसेल, खोलीतून लेकरांचं, गड्याचं येणंजाणं चालू असेल, आणि बघायचं ते मॅच, मालिका, कीर्तन आणि बातम्या असेल, तर साधा पंचावन्न नाही तर पासष्टचा एलईडी घ्या, आठ फुटांच्या आत बसा आणि सेटिंगमध्ये जाऊन त्याला दुकानातून घरी आणा. बातम्या कमी, सिनेमा जास्त आणि खोली अंधारी असेल तर ओएलईडी. खरोखरच दार लावून रात्री सिनेमा बघायचा असेल तर प्रोजेक्टर, पण पडदा लगेच घेऊ नका. महिनाभर सपाट पांढऱ्या भिंतीवर बघा. महिन्यानंतरही त्या खोलीत तुम्ही जात असाल आणि तिथे सोयाबीनची पोती रचलेली नसतील, तर दहा-बारा फुटांवरून बघायला शंभर इंची साधा मॅट पांढरा पडदा घ्या, तो पुरे आहे.

आणि टीव्ही नांदेडहून आणताना खोका पिकअपमध्ये उभाच ठेवा, दोन्ही बाजूंनी गाद्या लावा. वारंगा फाट्यावर खिचडी खायला थांबलात तर एक माणूस गाडीपाशी ठेवा, म्हणजे खोक्यावर कुणी टेकणार नाही. फुटलेल्या पॅनलला वॉरंटी नसते.